बिळातली हवा

नागुबाईच्या घराला दार आहे, दाराला कडी आहे, कडीला कुलूपसुद्धा आहे. पण ते दार लागलेलं गावात कुणी पाहिलेलं नाही. पाऊस असो, थंडी असो, दार आपलं सताड उघडं. कुत्री येतात, शेजारणीच्या कोंबड्या येतात, एकदा तर शिवमूर्तीअप्पांचं वासरू थेट चुलीपर्यंत आलं आणि भाकरी खाऊन गेलं. तिचा नवरा निवृत्ती हसून म्हणायचा, "आपल्या घरात चोर आला तर बिचाऱ्याला वाटंल, धर्मशाळाच हाय."

नागुबाई हसायची नाही. बारा महिने ती अंगणात बाजेवर झोपायची. न्हाणीला तिनं दार बसवू दिलं नाही, पडदा लावला. बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर पुढच्या बसची वाट बघायची. लेक महामाया नांदेडला कॉलेजात शिकते; तिच्या खोलीवर गेली तेव्हा लिफ्टचा डबा बघून बाई जी मागं फिरली, ती जिन्यानं धापा टाकत वर गेली, पण त्या डब्यात पाय ठेवला नाही. लोक म्हणायचे, थोडी येडी हाय. म्हणेनात! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नागुबाई लहान पोर होती, मामाच्या घरी राहायला गेली होती. मामाचं घर म्हणजे जुनं माळवद; दगडमातीच्या जाड भिंती आणि वर हातहात माती. ते सगळं अंगावर आलं. एक तुळई आडवी अडकली आणि तिच्याखाली दोन पोरींपुरती जागा उरली, नागू आणि तिची मामेबहीण. पोरी ओरडल्या, रडल्या, आणि मग दमल्या. आधी धाप लागली. मग डोकं ठणकायला लागलं. आपलाच श्वास परत आपल्याच तोंडात यायचा, ऊनऊन, ओलसर. आणि मग, कुणाला सांगितलं तर पटणार नाही, पण मग बरं वाटायला लागलं. अंग हलकं झालं, गोड झोप यायला लागली. मामेबहीण म्हणाली, "नागे, मी जरा निजते." नागूच्या तोंडाशी दगडांमध्ये कुठंतरी फट होती, तिच्यातून वारा यायचा. बहिणीच्या तोंडाशी नव्हती, एवढाच काय तो दोघींमधला फरक. जवानांनी वरून माती उकरून काढलं तेव्हा नागू जिवंत होती.

तेव्हापासून तिला मरणाची भीती वाटत नाही, तिला त्या झोपेची वाटते. गुदमरून मरणारा तडफडतो असं आपण समजतो ना? नागुबाईला ठाऊक होतं की शेवटी तो तडफडतही नाही.

आणि आता नशिबाचा खेळ बघा. असल्या बाईच्या वाट्याला काम आलं ते बिळांचंच! रब्बीची ज्वारी निघाली की रानात उंदरांची बिळं उकरायची, त्यांनी आत साठवलेली कणसं काढायची आणि पोटाला न्यायची, हा जमीन नसलेल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. शेतवाला नाही म्हणत नाही. उंदीर जातात, त्याचंही भलं होतं. निवृत्ती कुदळ मारायचा आणि नागुबाई हात घालायची. खांद्यापर्यंत घालायची, पण डोकं कधी वाकवायची नाही.

त्या हाताला मात्र बिळाचं सगळं कळायचं. वर उन्हानं माती भाजत असली तरी आत गार. थंडीत बाहेर बोटं वळत नाहीत आणि आत ऊब. आत सगळे महिने एकच ऋतू. ओल कायमची, तोंडात बोट घातल्यासारखी. वास कुबट, मुताचा, बुरशी धरलेल्या दाण्याचा, एकावर एक निजलेल्या पिल्लांचा. आणि तिच्या अंगावर काटा यायचा तो एका गोष्टीनं. उंदीर आत गेला की आतून माती सारून बिळाचं तोंड बंद करतो. दार लावून घेतो मेला आणि आत खुशाल झोपतो! "जगतेत कसे हे?" ती दरवर्षी विचारायची. निवृत्ती म्हणायचा, "तू दार उघडं ठेवून जगतीस तसेच, लावून जगतेत."

एका दिवाळीला महामाया घरी आली तेव्हा तिनं सांगितलं होतं, "आई, बिळातली हवा लई वाईट असते. तिच्यातला जीव निम्मा संपलेला असतो. पण जमिनीखाली राहणाऱ्या जनावरांचं रक्तच तसलं असतं, त्यांना थोडक्यात भागवता येतं. आपल्याला न्हाई जमणार." आनंदराज, तिचा थोरला भाऊ, बाजूला बसून फोन बघत होता. निवृत्ती लाडू खात खात मान हलवत होता. ह्या माणसानं त्यातलं निम्मंच ऐकलं. जनावर जगतं, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

निवृत्ती माणूस मोठा गुणी. दारू नाही, शिवीगाळ नाही, बायकोच्या भीतीची टिंगल करायचा पण अंगणात तिच्या शेजारीच बाज टाकायचा. एकच खोड, अंगात दम जास्त. कुणी "हे होत न्हाई" म्हणालं की त्याचे हात शिवशिवायचे.

यंदा फाल्गुनात शिवमूर्तीअप्पांनी त्याला बोलावलं. अप्पांचं रान जुन्या गावाला लागून. जुनं गाव म्हणजे आता वेड्या बाभळी, दगडांचे ढीग आणि पांढरीची, म्हणजे पडलेल्या घरांची, भुसभुशीत माती; भूकंपानंतर तिथं कुणी राहत नाही. कुणी म्हणजे माणूस. सायाळी राहतात. रात्रीच्या बाहेर पडून अप्पांचा ऊस बुडापासून कुरतडत होत्या. अप्पा म्हणाले, "निवृत्ती, मारू नको बाबा, फारेस्टवाले माझ्या मागं लागतील. धुरी दे आन्‌ हाकलून लाव." नागुबाई म्हणाली, "उंदरापुरतं ठीक हाय, ह्याच्या नादी लागू नका." पण ऐकतंय कोण?

तिघं गेले; निवृत्ती, नागुबाई आणि आनंदराज. सोबत काळ्या कुत्रा. एका पडक्या भिंतीच्या पायाशी बीळ होतं, माणूस सरपटत जाईल एवढं, तोंडाशी दोनचार काटे पडलेले. निवृत्तीनं उंदराला करायचा तेच सायाळीला केलं. आसपासची छोटी तोंडं शोधून दगडमातीनं बुजवली. बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात गोवऱ्या, भूस आणि वाळल्या मिरच्या पेटवल्या, मडक्याचं तोंड बिळाला लावलं आणि मागून फुंकत बसला. धूर आत गेला, गेला, गेला. नागुबाई वाऱ्याच्या बाजूला लांब उभी. तिला वाटत होतं, ह्या मातीखाली कुणीतरी खोकतंय.

सायाळ काही निघाली नाही. दुपार कलली. मडकं काढलं, धूर विरला, तोंडाशी आता काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात काळ्या नाक खुपसत आत शिरला. आधी गुरगुरला, मग एकदा कुईं केलं, मग गप्प.

"काळ्या! ये भाईर!" निवृत्तीनं हाका मारल्या. त्यानं अंगातला सदरा काढला.

"आवं, काय करायलाव?" नागुबाईनं त्याचा दंड धरला. "जाऊ नका. माझ्या गळ्याची आन हाय."

"अगं, अडकला असंल कुठंतरी. ओढून आणतो."

"आत हवा नसंल."

निवृत्तीनं बिळाच्या तोंडाशी तोंड नेलं, मोठा श्वास घेतला आणि तिच्याकडं बघून हसला. "गार लागायली बघ. धूर कुठाय? आन्‌ सायाळ अजून आतच हाय ना? जनावर जगायलंय म्हंजी हवा हाय. महामायानंच सांगितलं की!"

अरे देवमाणसा! जुन्या गावात पेवं होती, ज्वारी साठवायची जमिनीखालची कोठारं. नागुबाईचा बाप लोकांची पेवं उघडून द्यायचा. झाकण काढलं की दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा, दिवा विझला तर आत पाय ठेवायचा नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण बिळात दिवा कोण सोडतं? पेव मेलेलं असतं, बिळात जीव राहतो, मग तिथं कशाची भीती! पेवाची सगळी अक्कल असलेला माणूस बिळात डोक्यानं शिरला, आणि त्याला अडवायला नागुबाईकडं पेवाचा दाखला होता पण तो त्या क्षणाला सुचला नाही. भीतीनं माणसाची मती जाते ती अशी.

त्याचे पाय दिसेनासे झाले. आतून आवाज आला, घुमल्यासारखा, "नागू, पुढं ऐसपैस हाय गं. आपल्या घरापेक्षा बरं!"

"माघारी या!"

"लई ऊन लागायली आत. वलसर हाय... काळ्या घावला. निजलाय मेला."

नागुबाईला कळलं. कुत्रं धुरात शिरून निजत नाही. ती बिळाशी बसली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "त्याला सोडा! तुम्ही माघारी या! आनंदचे बाबा!"

आतून धापा ऐकू आल्या. मग निवृत्तीचा आवाज आला, अगदी शांत, समाधानी, "येतो की. जरा पडतो."

त्यानंतर काही आलं नाही.

आनंदराज कुदळ टाकून धावला. उमदा पोरगा, बापासारखाच दमाचा. "बाबा!" म्हणत तो बिळाशी पालथा पडला, डोकं आणि खांदे आत घातले. आणि नागुबाईनं त्याचे दोन्ही पाय धरून त्याला मागं खेचलं.

"सोड! आई, सोड! बाबा आत हायेत!"

"जायचं न्हाई."

"येडी झालीस का? मरतेल ते!"

"तू जायचं न्हाई. एकामागं एक जायचं न्हाई."

आता तिला सगळं आठवत होतं. बाप सांगायचा, पेवात एक उतरतो आणि निजतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तो त्याच्यावर निजतो, मग तिसरा. पेवात पडलेल्यामागं उडी घ्यायची नाही, आधी हवेला वाट करायची. आनंदराजनं तिला ढकललं. ती पडली, उठली, परत बिलगली. त्यानं तिच्या हाताला हिसका दिला तशी ती त्याच्या मनगटाला चावली, रक्त निघेस्तोवर चावली. पोटचा गोळा तो! नवरा मातीत होता आणि तिला वाटत होतं, आपण आता जरा जरी सैल पडलो तर दोघं गेले.

"वरून उकर!" ती किंचाळली. "बुजवलेली तोंडं मोकळी कर! ह्या तोंडाशी बसू नको, वारा अडतो! उकर, माझ्या लेका, उकर!"

आनंदराज रडत होता, आईला शिव्या देत होता आणि उकरत होता. नागुबाई जमिनीला कान लावून फिरत होती. आवाज जिथून शेवटचा आला ती जागा तिनं अंदाजानं दाखवली. बोंब ऐकून अप्पा आले, त्यांचा सालगडी वीरभद्र आला. पांढरीची माती भुसभुशीत, पण मधे घरांचे दगड. एक दगड निघाला की दोन घसरायचे. दर दगडाला नागुबाईला वाटायचं, आता खालचं छप्पर बसलं. कुदळीचा आवाज तिला वरूनही ऐकू यायचा आणि खालूनही, असं वाटायचं की आपण आतच पडलोय आणि वर कुणीतरी उकरतंय.

शेवटी कुदळ पोकळीत गेली. भोकातून ऊन, दमट वाफ वर आली. आनंदराजनं कुदळ फेकली आणि भोकात डोकं घालून "बाबा" म्हणून हाक मारली. दुसरी हाक त्याला मारता आली नाही. गुडघे लुळे पडले, मान लोंबली. वीरभद्रानं आणि नागुबाईनं त्याला केसाला धरून मागं ओढलं. तो मातीवर पडून ओकला. डोळे उघडले तेव्हा तो आईकडं बघत होता, आणि आई त्याच्या नाकाशी हात धरून श्वास बघत होती.

भोक मोठं केलं, सगळी तोंडं मोकळी केली, वारा खेळू दिला, मग वीरभद्र कमरेला कासरा बांधून उतरला. निवृत्ती कुशीवर होता, डोकं दंडावर ठेवून, एक हात कुत्र्याच्या पाठीवर. अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं. जीपनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ छाती दाबली, मग थांबल्या. म्हणाल्या, धूर दिसेनासा झाला तरी त्यातला विषारी वायू आत कोंडून राहतो, त्याला ना रंग ना वास. आत गेलेला माणूस बोलता बोलता जातो. सायाळ कुठल्या तोंडानं कधी निघून गेली, ते कुणालाच कळलं नाही.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. "पोरगा जायला निघाला व्हता, हिनं अडवलं." "नवऱ्याला डोळ्यांदेखत मरू दिलं." समोर कुणी बोलेना, पण नागुबाई बहिरी थोडीच होती? आनंदराज तर एक शब्द बोलला नाही. मनगटाला फडकं बांधून भिंतीला टेकून बसला. महामाया नांदेडहून आली, आईच्या गळ्यात पडून रडली; तो जागचा हलला नाही. आणि नागुबाईच्या मनात तेवढी एकच भीती उरली. पोरगा जगला खरा, पण तो आपला राहिला का? हा जन्मभर मनात म्हणत राहणार, आईनं माझ्या बापाला मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वस्तीच्या मसणवट्यात जमले. या वस्तीत पुरण्याची चाल. म्हाताऱ्यांनी खड्डा खांदून ठेवला होता, छातीइतका खोल. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. थोरले म्हणाले, "आनंदराज, उतर खाली. बापाला ल्योकानं हात द्यायचा असतोय."

आनंदराज कडेला आला. खाली बघत उभा राहिला.

"न्हाई," नागुबाई म्हणाली.

सगळे वळले. ती पुढं आली. "ह्यास्नी मातीखाली घालू नका. जाळा. माझं एवढं ऐका."

"आपल्यात जाळत न्हाईत, बाई."

"मी पाया पडते तुमच्या. परत मातीत नको."

निवृत्तीची बहीण सरजाबाई तिथंच बसली होती. तिच्यानं राहवेना. "आता आली व्हय माया?" ती छाती बडवून ओरडली. "तवा कुठं गेली व्हती? पोराला जाऊ दिलं असतंस तर माझा भाऊ आज उठून बसला असता! बिळात तूच ठेवलंस त्याला, आन्‌ आता खड्ड्याला भेतीस?"

नागुबाईनं मान खाली घातली. हे ऐकायचंच होतं, आज ना उद्या. तिला फक्त पोराचं तोंड बघायचा धीर होईना.

आनंदराजनं खड्ड्याकडं पाठ केली.

"आत्या," तो म्हणाला. "मी नुसतं डोकं घातलं व्हतं भोकात. एक हाक मारली आन्‌ माझं मलाच कळंना. ते बी वरून उकरल्यावर, वारा लागल्यावर. आईला कुणी काई बोलायचं न्हाई. तिनं मला धरलं नसतं तर आज तुम्हाला दोन खड्डे खांदावे लागले असते."

मग तो आईजवळ गेला. नागुबाईनं त्याच्या फडकं बांधलेल्या मनगटाला हात लावला आणि कालपासून कोरडी बसलेली ती बाई एवढ्या मोठ्यानं रडली की सरजाबाईच उठून तिला धरायला आली. आनंदराजनं शिवमूर्तीअप्पांना विचारलं, "अप्पा, तुमचा ट्रॅक्टर देता का? लाकडं आणायचीत."